जड अणुकेंद्राचें अंतरंग

नारळ घेतांना चोखंदळ गृहिणी तो दुकानांत फोडून पाहत नाहीं. ती तो कानाशीं धरून हालविते, बोटाच्या पेरानें ठोकते, आणि आवाजावरून आंत पाणी किती आहे, खोबरें धरलें आहे कीं नाहीं, याचा अदमास बांधते. कलिंगड विकणाऱ्याची थाप त्याच जातीची. मडकें घेतांना त्यावर वाजविलेली टिचकीहि तशीच. जें डोळ्यांना दिसत नाहीं त्यावर आघात करावा आणि तें काय उत्तर देतें तें लक्ष देऊन ऐकावें, ही युक्ति विज्ञानानें शोधून काढलेली नव्हे. विज्ञानानें तिचा पल्ला मात्र इतका वाढविला आहे कीं, सोनें, शिसें, युरेनियम यांसारख्या जड मूलद्रव्यांच्या अणूचा गाभा गोल आहे कीं लांबट, त्याला साल आहे कीं नाहीं आणि असल्यास ती किती जाड, हे प्रश्नहि आतां ठोकून पाहूनच सोडविले जातात. श्रोत्यांपुढें आज मांडावयाची ती याच ठोकून पाहण्याची हकीकत होय.

प्रथम या गाभ्याचें, म्हणजे अणुकेंद्राचें, आकारमान ध्यानांत घेतलें पाहिजे. त्यासाठीं नेहमींचीं मापें उपयोगीं पडत नाहींत. एका मिलिमीटरचे एक लक्ष कोटी समान भाग कल्पिले, तर त्यांतील एका भागाला ‘फर्मी’ म्हणतात. एन्रिको फर्मी या इटालियन शास्त्रज्ञाच्या नांवावरून हें नांव पडलें. सोन्याच्या अणुकेंद्राचा व्यास सुमारें चौदा फर्मी भरतो, आणि खुद्द अणूचा व्यास त्याच्या सुमारें वीस हजारपट असतो. दोनशें मीटर रुंद मैदानाच्या मध्यभागीं एक वाटाणा ठेवावा, तसें हें प्रमाण आहे. आणि नवल असें कीं, अणूच्या एकूण वस्तुमानापैकीं शेंकडा नव्याण्णवांहून अधिक वस्तुमान त्या एका वाटाण्यांत सांठविलेलें असतें. हा वाटाणा सूक्ष्मदर्शकानें कां पाहतां येऊं नये, असा प्रश्न साहजिकच मनांत येतो. त्याचें उत्तर प्रकाशाच्या स्वभावांत आहे. प्रकाश लहरींनीं चालतो, आणि लहरीला आपल्या लांबीहून फार लहान असलेल्या वस्तूचा पत्ता लागत नाहीं. समुद्राची लाट मोठ्या खडकावर आपटून फुटते. पाण्यांत रोंवलेल्या बारीकशा काठीची ती दखलहि घेत नाहीं. दृश्य प्रकाशाची लहर सोन्याच्या अणुकेंद्राच्या मानानें कांहीं कोटी पट लांब असते. तेव्हां पाहण्याचा मार्ग खुंटला. उरला तो आघाताचा.

हा मार्ग पहिल्यानें चोखाळला गेला तो इंग्लंडांत, मँचेस्टर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत. अर्नेस्ट रदरफर्ड हे तेथें प्राध्यापक होते. अणूच्या रचनेविषयीं त्या काळीं जी कल्पना प्रचलित होती ती जे. जे. टॉमसन यांची. अणु म्हणजे धन विद्युद्भाराचा एक विरळ, मऊसर गोळा असून त्यांत ऋणभाराचे इलेक्ट्रॉन जागजागीं बसविलेले आहेत, असें तिचें स्वरूप होतें. बुंदीच्या लाडवांत बेदाणे असावेत तसें. इ. स. १९०९ मध्यें रदरफर्ड यांचे सहकारी हान्स गायगर आणि अवघ्या वीस वर्षांचे विद्यार्थी अर्नेस्ट मार्सडन यांनीं सोनें, प्लॅटिनम इत्यादि धातूंच्या पत्र्यांवर अल्फा कणांचा मारा केला. हे कण किरणोत्सर्गी पदार्थांतून आपोआप बाहेर पडतात, त्यांचा भार धन असतो आणि वेग सेकंदास वीस हजार किलोमीटरच्या आसपास. मिठाईला लावतात तसल्या वर्खासारखा पातळ सोन्याचा पत्रा त्यांच्या वाटेंत धरला, तर ते त्यांतून गोळी धुक्यांतून जावी तसे पार निघून जातील, किंचित् इकडे तिकडे झुकतील, एवढीच अपेक्षा टॉमसन यांच्या कल्पनेवरून करतां येत होती.

झुकलेले कण मोजण्याची त्या वेळची रीत ऐकली म्हणजे आजच्या यंत्रयुगांतील मनुष्य थक्क होतो. जस्ताच्या गंधकयुक्त संयुगाचा लेप दिलेल्या पडद्यावर अल्फा कण आदळला कीं, तेथें एक अत्यंत फिकट ठिणगी क्षणभर चमकते. निरीक्षकानें काळोख्या खोलींत डोळे अंधाराला सरावेपर्यंत नुसतें बसून राहावें, मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून या ठिणग्या एकेक करून मोजाव्या. डोळा थकला कीं दुसऱ्यानें बसावें. इ. स. १९१३ मध्यें गायगर आणि मार्सडन यांनीं या कामाचा जो सविस्तर वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्यासाठीं अशा एक लाखाहून अधिक ठिणग्या मोजल्या गेल्या होत्या. त्या वेळीं मोजदादीसाठीं यंत्र नव्हतें. होते ते दोन माणसांचे डोळे.

या मोजदादींतून निघालें तें विलक्षण होतें. बहुतेक कण अपेक्षेप्रमाणें पार गेले. परंतु सुमारें आठ हजारांत एखादा कण पत्र्यावरून उलट फिरला, आणि जिकडून आला तिकडेच परत गेला. विरळ मऊसर गोळ्यांत इतक्या वेगवान् कणाला मागें फिरविण्याचें सामर्थ्य असूं शकत नाहीं. इ. स. १९११ मध्यें रदरफर्ड यांनीं गणितानें दाखवून दिलें कीं, अणूचा सर्व धनभार आणि जवळ जवळ सर्व वस्तुमान मध्यभागीं एका अत्यंत सूक्ष्म जागेंत एकवटलें असलें, तरच हें घडूं शकतें. कोणत्या कोनांत किती कण वळावे याचें त्यांचें सूत्र आणि १९१३ ची मोजदाद यांचा मेळ उत्तम बसला. अणूला गाभा आहे हें मनुष्यजातीला कळलें तें असें, आठ हजारांतल्या एका चुकार कणावरून.

परंतु येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावयास हवी, कारण पुढील सारी कथा तिच्यावर उभी आहे. सोन्याच्या केंद्रावरून परत फिरलेल्या त्या अल्फा कणाचा केंद्राला स्पर्शहि झालेला नव्हता. दोहोंचाहि भार धन. त्यामुळें केंद्रापासून सुमारें तीस फर्मी अंतरावरच विद्युत् प्रतिसारणानें त्याला थोपवून मागें लोटलें. वाड्याच्या दिंडीदरवाजावरून परत पाठविलेल्या पाहुण्याला वाडा तेथें आहे एवढें समजतें. आंत चौक किती, माजघर कोणीकडे, हें त्याला सांगतां येत नाहीं. रदरफर्ड यांच्या प्रयोगानें केंद्र तीस फर्मींहून लहान आहे एवढी मर्यादा घातली. तें आंतून कसें आहे, याविषयीं तो मूक होता, आणि तसा तो असणारच होता. प्रक्षेपित कण ज्या बलाला ओळखतो तेवढ्यापुरतेंच त्याचें ज्ञान. आणि तो जितका आंत शिरेल तितकीच त्याची साक्ष ग्राह्य. आघातानें मिळणाऱ्या प्रत्येक उत्तराला ही अट चिकटलेली आहे.

आंत शिरूं शकेल असा साक्षीदार हवा होता, आणि तो इलेक्ट्रॉनच्या रूपानें सांपडला. केंद्रांतील प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांना घट्ट बांधून ठेवणारें जें प्रबल बल, त्याचा इलेक्ट्रॉनवर मुळींच परिणाम होत नाहीं. तो फक्त विद्युद्भार ओळखतो. शिवाय लुई द ब्रॉग्ली यांनीं १९२४ मध्यें दाखविल्याप्रमाणें प्रत्येक धांवत्या कणाला लहरीचा धर्म असतो, आणि कणाची ऊर्जा जितकी अधिक तितकी त्याची लहर आंखूड. इलेक्ट्रॉनला पन्नास कोटी व्होल्टांची ऊर्जा दिली, तर त्याची लहर सुमारें अडीच फर्मी भरते. म्हणजे चौदा फर्मींच्या केंद्राचा केवळ ठावच नव्हे, तर त्याच्या आंतील चढउतारहि तिला कळूं लागतात. कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनीं १९५० नंतरच्या दशकांत लांबच लांब सरळ नळीच्या त्वरकयंत्रानें हें काम केलें. फर्मी या मापाला तें नांव देण्याची सूचनाहि त्यांचीच. १९६१ च्या नोबेल पारितोषिकांत त्यांचा वांटा होता.

हॉफस्टॅटर यांच्या इलेक्ट्रॉनांनीं जी साक्ष दिली तिचें सार असें. जड अणुकेंद्र हा गोटीसारखा कांठोकांठ टणक गोळा नाहीं. मध्यभागापासून बऱ्याच अंतरापर्यंत त्याची घनता जवळ जवळ सारखी राहते, आणि मग शेवटच्या अडीच फर्मींच्या सुमाराच्या पट्ट्यांत ती उतरत उतरत शून्याला मिळते. मध्यावरील घनता सोन्यांत जितकी, तितकीच शिशांत, तितकीच बिस्मथांत. कण अधिक घातले तर केंद्र अधिक दाट होत नाहीं, फक्त मोठें होतें. आठपट कणांस दुप्पट त्रिज्या. पाण्याच्या थेंबांत पाणी घातलें तर थेंब फुगतो, पाणी दाट होत नाहीं, तसाच हा प्रकार आहे. मात्र हा थेंब कसला, तर ज्याच्या एका घन सेंटिमीटराचें वजन तेवीस कोटी टन भरेल असल्या द्रव्याचा!

येथपर्यंत केंद्र गोल आहे असें गृहीत धरलेलें होतें. परंतु १९५० च्या सुमारास जेम्स रेनवॉटर, आणि त्यांच्या पाठोपाठ कोपनहेगन येथें आगे बोर व बेन मॉटलसन यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, अनेक जड केंद्रें गोल नसून लांबट आहेत. या तिघांना १९७५ चें नोबेल पारितोषिक मिळालें. लांबटपणा ओळखण्याची युक्ति मोठी सुंदर आहे. सूक्ष्म सृष्टीच्या नियमांप्रमाणें अगदीं गोल वस्तु फिरली काय किंवा न फिरली काय, दोहोंत भेदच नसतो. लांबट वस्तु मात्र फिरते, आणि तिच्या फिरण्याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. एखादें जड केंद्र दुसऱ्याच्या जवळून वेगानें गेलें म्हणजे त्याच्या विद्युत्क्षेत्राच्या हिसक्यानें दुसरें गरगरूं लागतें, आणि मग पायरी पायरीनें शांत होतांना ठराविक ऊर्जेचे गॅमा किरण सोडतें. त्या किरणांवरून पायऱ्यांची उंची व उंचीवरून लांबटपणा. मुंबईस कुलाबा येथें टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारांत बसविलेल्या पेलेट्रॉन यंत्रावर जड केंद्रांचा मारा करून अशा गॅमा किरणांचा अभ्यास झालेला आहे.

तथापि या साक्षींतहि एक उणीव राहते. पंखा फिरत असतांना त्याचीं पातीं दिसत नाहींत, एक धूसर चकती दिसते. युरेनियमच्या केंद्राच्या फिरण्याला जो काळ लागतो तो मनुष्याच्या दृष्टीनें कल्पनातीत थोडा असला, तरी गॅमा किरणांच्या साक्षीला तेवढा काळ पुरून उरतो. त्यामुळें तिच्यावरून कळतो तो बहुतेक सरासरीचा आकार. पातीं जशीं आहेत तशीं पाहावयाचीं तर पंख्याचें छायाचित्र घ्यावें लागेल, आणि तें पातें हलण्याच्या आंत.

असें छायाचित्र घेण्याचें सामर्थ्य अखेर आलें तें, पाहूं गेलें तर, सर्वांत रानटी वाटणाऱ्या उपायांतून. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंड येथील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेंत इ. स. २००० मध्यें एक यंत्र चालू झालें. ‘रिलेटिव्हिस्टिक हेवी आयन कोलायडर’ हें त्याचें लांबलचक नांव. ३.८ किलोमीटर परिघाच्या दोन वलयांतून, सर्व इलेक्ट्रॉन काढून घेतलेलीं जड केंद्रें परस्परविरुद्ध दिशांनीं प्रकाशाच्या वेगाच्या ९९.९९ टक्के वेगानें धांवविलीं जात, आणि ठरल्या जागीं त्यांची समोरासमोर टक्कर घडविली जाई. आजवरच्या आघातांत लक्ष्य शाबूत राहत होतें. येथें दोन्ही केंद्रांचा चक्काचूर होतो आणि टकरीच्या जागेवरून हजारों नवे कण चहूंकडे उधळतात. दोन नारळ एकमेकांवर आपटून फुटल्यावर भिंतीवर उडालेल्या शिंतोड्यांवरून ते फुटण्यापूर्वीं कोणत्या आकाराचे होते तें सांगावें, अशांतला हा दावा आहे. प्रथम ऐकणाऱ्याला तो हास्यास्पद वाटला तर त्यांत त्याचा दोष नाहीं.

पण दाव्याच्या मागील तर्क मोठा भक्कम आहे. सापेक्षतेच्या नियमाप्रमाणें इतक्या वेगानें धांवणारीं केंद्रें गतीच्या दिशेनें शंभरपट चेपलीं जातात. टकरीच्या वेळीं गोळ्यावर गोळा आदळत नाहीं, पापडावर पापड आदळतो. हे पापड एकमेकांतून पार होण्यास एका सेकंदाचा जो अंश लागतो तो लिहावयाचा तर दशांशचिन्हापुढें चोवीस शून्यें द्यावीं लागतील. केंद्राच्या फिरण्याच्या काळापेक्षां हा काळ हजारों पट लहान आहे. पंख्याचें पातें हलण्याच्या आंत घेतलेलें छायाचित्र तें हेंच. त्या क्षणीं केंद्र ज्या दिशेला लांबट असेल, त्याच दिशेचा ठसा टकरीवर उमटतो.

आतां हा ठसा टिकतो कसा? टकरीच्या जागीं क्षणमात्र जें द्रव्य उत्पन्न होतें, त्याचें तपमान कांहीं लक्ष कोटी अंश असून त्यांत प्रोटॉन-न्यूट्रॉन विरघळून जातात आणि त्यांच्या आंतील क्वार्क व ग्लुऑन मोकळे होतात. हें द्रव्य वायूसारखें विस्कळित न वागतां जवळ जवळ घर्षणरहित द्रवासारखें वाहतें, असें ब्रुकहेवनच्या शास्त्रज्ञांनीं २००५ मध्यें जाहीर केलें. द्रव म्हटला कीं उतार आला. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेलें पाणी पूर्वेकडे सावकाश वाहत जातें, पण पश्चिमेकडे कडा तुटलेला असल्यामुळें तेंच पाणी कोंकणांत धबधब्यानें कोसळतें. तीच गत या अतितप्त थेंबाची. थेंब लांबट असेल, तर लांबीच्या दिशेनें दाबाचा उतार सौम्य आणि रुंदीच्या दिशेनें तीव्र. म्हणून कण रुंदीच्या दिशेला अधिक वेगानें व अधिक संख्येनें बाहेर पडतात. हा परिणाम दिसेल असें भाकित फ्रान्समधील झां-ईव्ह ओलित्रो यांनीं १९९२ मध्यें, हें यंत्र चालू होण्याच्या पुष्कळ आधीं, केलें होतें. कणांच्या दिशा मोजल्या कीं थेंबाचा आकार मिळतो, आणि थेंबाच्या आकारांत केंद्रांचा आकार लपलेला असतो.

२०१२ मध्यें या यंत्रांत युरेनियमचीं केंद्रें सोडण्यांत आलीं. सोन्याचें केंद्र बरेंचसें गोल, युरेनियमचें लांबट. दोन सोललेले नसलेले नारळ समोरासमोर आदळतात अशी कल्पना श्रोत्यांनीं करावी. ते दोन्ही आडवे असतांना कुशीला कूस आदळली, तर थेंब लंबवर्तुळाकार व पसरलेला होईल. त्याचा प्रवाह एका दिशेला ठळकपणें अधिक, पण जोर कमी. तेच नारळ टोंकावर टोंक आदळले, तर थेंब वाटोळा, लहान आणि दाट होईल; दिशेचा पक्षपात नाहीं, पण दाब अधिक असल्यामुळें कणांचा सरासरी जोर मोठा. म्हणजे केंद्र लांबट असेल तर या दोन खुणा एकमेकींच्या उलट चालल्या पाहिजेत: जेथें दिशेचा पक्षपात अधिक तेथें जोर कमी, आणि जेथें जोर अधिक तेथें पक्षपात कमी. केंद्र वाटोळें असेल तर असा व्यस्त संबंध दिसण्याचें कारण नाहीं.

‘स्टार’ नांवाच्या प्रचंड कणशोधकानें टिपलेल्या टकरींची छाननी करून हाच व्यस्त संबंध युरेनियममध्यें स्पष्टपणें आढळला, आणि सोन्यांत आढळला नाहीं. हा शोध ‘नेचर’ नियतकालिकांत नोव्हेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध झाला. या कणशोधकाचा फोटॉन मोजणारा एक भाग कलकत्त्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरच्या पुढाकारानें भारतीय संस्थांनीं बनविलेला होता, हें येथें जातां जातां सांगावयास हरकत नाहीं. मोजमापावरून युरेनियमच्या केंद्राची लांबी त्याच्या रुंदीच्या सुमारें सव्वापट ते दीडपटीच्या दरम्यान, तीसेक टक्क्यांनीं अधिक, भरते. आणि गॅमा किरणांच्या जुन्या पद्धतीनें मिळालेल्या आंकड्याशीं तें जुळतें. शिवाय एक नवी गोष्ट निघाली. या नारळाचा आडवा छेद अगदीं वर्तुळाकार नाहीं. तो किंचित् चेपलेला आहे.

जुन्या आंकड्याशीं नवा आंकडा जुळला, मग एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी म्हणेल. परंतु जुळणें हेंच येथें महत्त्वाचें आहे. शिंतोड्यांवरून नारळाचा आकार सांगणाऱ्याची परीक्षा ज्याचा आकार आधींच ठाऊक आहे अशा नारळावरच घेतली पाहिजे. त्यांत तो उतरला तरच अनोळखी नारळाविषयीं त्याच्या बोलण्याला किंमत. या पद्धतींत द्रवाच्या वर्तनाविषयीं अनेक गृहीतकें अंतर्भूत आहेत, आणि त्यांतलें एखादें डळमळलें तर आकारहि डळमळेल. म्हणूनच संशोधकांनीं युरेनियमचा विचार एकट्यानें केला नाहीं. सोन्याशीं सतत तुलना केली. दोहोंना समान असलेल्या चुका तुलनेंत बऱ्याच अंशीं परस्परांना खोडून काढतात. हा सावधपणा त्या दाव्याहून अधिक विश्वास उत्पन्न करतो.

आतां राहिला सालीचा प्रश्न, आणि तो अजून मिटलेला नाहीं. शिशाच्या केंद्रांत ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन असतात. न्यूट्रॉन इतके अधिक असल्यामुळें त्यांतले कांहीं प्रोटॉनांच्या गर्दीबाहेर, पृष्ठभागावर, एका पातळ थरांत राहत असावेत असा तर्क आहे. यालाच न्यूट्रॉनांची साल म्हणतात. पण हॉफस्टॅटर यांचा इलेक्ट्रॉन विद्युद्भार ओळखतो, आणि न्यूट्रॉन विद्युद्भाररहित. इलेक्ट्रॉनाच्या साक्षींत न्यूट्रॉन जवळ जवळ नव्हतेच. आंधळ्यापुढें आरसा धरावा तसें झालें.

यावर जी तोड निघाली ती बुद्धीची कमाल म्हणावी लागेल. विद्युत् बलाखेरीज इलेक्ट्रॉन आणखी एका बलाला ओळखतो; त्याला दुर्बल बल म्हणतात, आणि हें बल न्यूट्रॉनाला चांगलें जाणवतें, प्रोटॉनाला जवळ जवळ नाहीं. अडचण एवढीच कीं तें खरोखरच दुर्बल आहे. विद्युत् बलाच्या गोंगाटांत त्याचा आवाज ऐकूं येत नाहीं. परंतु दुर्बल बल उजव्या-डाव्यांत भेद करतें आणि विद्युत् बल करीत नाहीं. तेव्हां उजव्या अंगाला फिरकी घेणारे व डाव्या अंगाला फिरकी घेणारे इलेक्ट्रॉन आळीपाळीनें सोडावे, आणि विखुरणाऱ्यांच्या संख्येंत फरक पडतो का तें पाहावें. फरक पडला तर तो दुर्बल बलाचाच. अमेरिकेंत व्हर्जिनियांतील जेफर्सन प्रयोगशाळेंत शिशाच्या पातळ चकतीवर हा प्रयोग करण्यांत आला. विखुरलेल्या दर एक कोटी इलेक्ट्रॉनांमागें उजव्या-डाव्यांत पडलेला फरक होता पांच-सहांचा! मार्सडन यांच्या आठ हजारांतल्या एकाशीं हा आंकडा ताडून पाहावा, म्हणजे शंभर वर्षांत मोजण्याची कला कोठून कोठें गेली तें कळेल.

२०२१ मध्यें जाहीर झालेल्या या मापनाप्रमाणें शिशाची साल ०.२८ फर्मी जाड आहे, त्यांत ०.०७ फर्मी इकडेतिकडे. पुष्कळ तज्ज्ञांच्या अपेक्षेपेक्षां ही जाडी अधिक होती. पुढच्याच वर्षीं त्याच प्रयोगशाळेंत कॅल्शियमच्या न्यूट्रॉनबहुल केंद्राचें तशाच रीतीनें मापन झालें, आणि तेथें साल ०.१२ फर्मी, म्हणजे पातळ निघाली. एकच सिद्धांत दोन्ही आंकड्यांना एकदम सुखानें सामावून घेत नाहीं. एकाकडे ओढावें तर दुसरा उघडा पडतो.

फर्मीच्या दहाव्या हिश्शासाठीं हा वाद कशाला, असें वाटण्याचा संभव आहे. परंतु न्यूट्रॉनांची गर्दी एकमेकांना किती जोरानें बाहेर लोटते, यावर सालीची जाडी अवलंबून असते. आणि त्याच लोटण्यावर आकाशांतील न्यूट्रॉन तारे उभे आहेत. सूर्याहून अधिक वस्तुमान सुमारें बारा किलोमीटर त्रिज्येच्या गोळ्यांत कोंबलेलें असे हे तारे असतात. शिशाची साल जाड असेल तर ते कांहींसे फुगीर असले पाहिजेत, पातळ असेल तर आटोपशीर. प्रयोगशाळेंतील चकतीवरील शिशाचें केंद्र आणि न्यूट्रॉन तारा यांच्या आकारमानांत शंभर कोटींच्या शंभर कोटी पटीहूनहि अधिक अंतर आहे, आणि दोघांनाहि जाब द्यावयाचा आहे तो एकाच नियमाला.

या तंट्यांत टकरींचीहि साक्ष आतां घेतली गेली आहे. जिनीव्हाजवळ सर्नच्या लार्ज हॅड्रन कोलायडरमध्यें शिशावर शिसें आदळविलें जातें. तेथील ‘ॲलिस’ प्रयोगांत मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्थाहि सहभागी झालेली आहे. त्या टकरींच्या प्रवाहाचें पृथक्करण करून २०२३ मध्यें तीन सैद्धांतिकांनीं सालीची जाडी ०.२२ फर्मी काढली, त्यांत ०.०६ फर्मी इकडेतिकडे. जेफर्सन प्रयोगशाळेच्या आंकड्याहून ही कमी आहे, पण दोन्ही अनिश्चितता लक्षांत घेतां परस्परविरोधी म्हणतां येत नाहीं. जर्मनींत माइन्झ येथें उभारल्या जाणाऱ्या नव्या त्वरकावर शिशाचें हेंच मापन, उजव्या-डाव्या फिरकीच्या इलेक्ट्रॉनांनीं पण अधिक सूक्ष्मतेनें, पुन्हां करण्याचें योजिलें आहे.